रविवार कुणी मागितला? १८८४ चा एक अर्ज आणि त्यातल्या पाच मागण्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे बघा’ जमतील तेवढे गाळलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

दर जून महिन्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी भारताला रविवारची सुट्टी मिळवून दिली, आज तुम्ही उशिरापर्यंत लोळताय ते त्यांच्यामुळे, वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी. मेसेज खोटा नाही, पण त्यात फक्त शेवट सांगितलाय. त्याच्या आधी काय काय झालं ते त्यात येत नाही, आणि मला त्यातच जास्त रस आहे.

ही गोष्ट आहे दुसऱ्याची बाजू मांडण्याची. मराठीत यासाठी एक चांगला जुना शब्द आहे, कैवार. दुबळ्याचा कैवार घेणं. आता कैवार कुणीही घेऊ शकतो. राजा घेतो, संत घेतात, पुढारी घेतात, आपणही ट्विटरवर घेतो. पण ज्याचा कैवार घेतलाय त्या माणसाला नेमकं काय हवंय, हे कैवाऱ्याला कळतं कुठून? मुंबईच्या गिरणी कामगारांना एकोणिसाव्या शतकात एक नाही, चार-पाच कैवारी मिळाले. त्यातल्या प्रत्येकाने काय मागितलं हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं.

आधी एक दुरुस्ती

रविवारची सुट्टी भारतात १८९० मध्ये पहिल्यांदा आली असं नाही. इंग्रजांच्या कचेऱ्या, कोर्टं, मिशनच्या शाळा रविवारी बंदच असायच्या. साहेबाला चर्चला जायचं असायचं, त्यामुळे साहेबाच्या हाताखालच्या कारकुनालाही सुट्टी मिळायची. म्हणजे सुट्टी होती, पण ती टेबलावर काम करणाऱ्यांना. साच्यावर उभं राहून काम करणाऱ्याला नव्हती.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या पट्ट्यात एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. त्यात काम करायला रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या जिल्ह्यांतून माणसं आली. कोकणातली शेती पुरत नव्हती, देशावर दुष्काळ होता, सावकार होता. मुंबईत निदान महिन्याला रोख पैसे मिळायचे.

कामाचे तास किती? तर सूर्य असेल तितके. गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडलं की यंत्र सुरू आणि अंधार पडला की बंद. थंडीत दिवस लहान म्हणून तास जरा कमी, उन्हाळ्यात तेच तेरा-चौदा तासांवर जायचे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. मालकांचं म्हणणं असायचं की सणावाराच्या सुट्ट्या आम्ही देतोच की. आणि जिथे रविवारी यंत्र बंद ठेवत, तिथेही कामगाराला यंत्राची सफाई करायला यावं लागायचं. म्हणजे यंत्राला विश्रांती, माणसाला नाही. आमच्या क्षेत्रात सर्व्हरचं मेंटेनन्स शनिवारी रात्री ठेवतात ना, साधारण त्यातलाच प्रकार, फक्त इथे कॉम्प-ऑफ नावाची गोष्ट नव्हती.

पहिले कैवारी

या कामगारांसाठी सगळ्यात आधी आवाज कुठून उठला? इंग्लंडमधून. लॉर्ड शाफ्ट्सबरी हे नाव तिकडच्या कारखाना कायद्यांच्या इतिहासात मोठं आहे. इंग्लंडच्या गिरण्यांतल्या मुलांसाठी या माणसाने आयुष्य घालवलं होतं. १८७५ मध्ये त्यांनी ब्रिटिश संसदेत भारतातल्या गिरण्यांचा प्रश्न मांडला.

शाफ्ट्सबरींच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्याच बरोबरीने लँकेशायरचे कापड कारखानदारही अचानक मुंबईच्या कामगारांबद्दल हळवे झाले होते, आणि तिथे मात्र शंकेला भरपूर जागा होती. मुंबईचं सूत आणि कापड त्यांच्या मालाशी स्पर्धा करायला लागलं होतं. मुंबईतले कामाचे तास कमी झाले तर उत्पादन कमी होणार, खर्च वाढणार. याच लँकेशायरने दबाव आणून भारतात येणाऱ्या कापडावरचा आयात करही काढायला लावला, तो १८८२ पर्यंत पूर्ण गेला. त्यामुळे त्यांचा कामगारांबद्दलचा कळवळा बघून मुंबईत कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही.

१८७५ मध्येच मुंबई सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्यात गिरणी मालक आणि व्यापारी यांचाच भरणा होता. बहुसंख्य सदस्यांचा निष्कर्ष असा की कायद्याची काही गरज नाही.

मग पुढे आले सोराबजी शापूरजी बंगाली. हे पारशी समाजातले सुधारक. लँकेशायरशी यांचा काही संबंध नव्हता, स्वतःच्या शहरात काय चाललंय ते बघून त्यांना वाटलं की हे बरोबर नाही. १८७८ मध्ये त्यांनी कारखान्यांसाठी एका विधेयकाचा मसुदा तयार केला. मुंबईच्या कायदेमंडळात तो मांडायची परवानगी त्यांना मिळाली नाही. तरी ते गप्प बसले नाहीत, मसुदा छापून लोकांपुढे ठेवला.

या सगळ्यातून १८८१ मध्ये भारताचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात काय होतं? १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांत सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम, एक तास विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या. बाकी बायकांसाठी काही नाही. मोठ्या पुरुषांसाठी काही नाही.

सात वर्षांच्या पोराला नऊ तास काम, आणि ही सुधारणा! पण आत्ता मला वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. बाहेरून गिरणीकडे बघणाऱ्या चांगल्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा काय भरतं? लहान मूल. साहजिकच आहे, कुणाच्याही भरेल. म्हणून पहिला कायदा मुलांचा झाला. मुलाच्या शेजारी उभी असलेली त्याची आई आणि साच्यावर असलेला बाप यांना काय हवं होतं, ते बाहेरून दिसण्यासारखं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आणि आपले राष्ट्रवादी पुढारी? त्यांची पंचाईत होती. देशी वृत्तपत्रांपैकी बहुतेकांनी कारखाना कायद्यांना विरोध केला. हा लँकेशायरचा डाव आहे, आपला एकुलता एक मोठा देशी उद्योग बुडवायचा बेत आहे, असं त्यांचं म्हणणं. आत्ताच बघितलं की ही शंका पोकळ नव्हती. पण त्यातून झालं असं की एका बाजूला परदेशी कारखानदार कामगाराच्या नावाने बोलतायत, दुसऱ्या बाजूला देशी पुढारी देशाच्या नावाने बोलतायत, आणि ज्याच्या पाठीवरून हे सगळं चाललंय तो कामगार यात कुठेच नाही.

सुपारीबागेतली सभा

इथे लोखंडे येतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. फुलमाळी समाजातलं, साध्या परिस्थितीतलं घर. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं, आधी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि मग मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. ही स्टोअरकीपरची नोकरी महत्त्वाची आहे. ते साच्यावरचे कामगार नव्हते, कारकुनी काम करणारे होते. पण होते गिरणीच्या दाराच्या आत. भोंगा, मुकादम, दंड, पगाराची खिडकी हे सगळं रोज डोळ्यासमोर.

दुसरी गोष्ट म्हणजे ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं. ते चालवणं कठीण झाल्यावर लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईत आणलं आणि पुढे स्वतः चालवलं. म्हणजे एका हातात गिरणीतला अनुभव आणि दुसऱ्या हातात छापखाना.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी पुन्हा आयोग नेमला. मागच्या वेळेसारखंच झालं असतं, मालकांनी साक्षी दिल्या असत्या आणि अहवाल लिहिला गेला असता. लोखंडे यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली. तीन दिवसांनी, २६ तारखेला, पुन्हा घेतली. तिथे आयोगाला द्यायचा अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांची नावं आली. ज्या संघटनेच्या नावाने हे झालं तिला आपण बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन म्हणून ओळखतो.

अर्जात पाच मागण्या होत्या. मी त्या माझ्या शब्दांत सांगतो.

एक, सगळ्या गिरणी कामगारांना रविवारी पूर्ण सुट्टी.

दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती.

तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

चार, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

पाच, काम करताना गंभीर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी.

आता ही यादी १८८१ च्या कायद्याशेजारी ठेवा. चौथी मागणी बघा. पगाराची तारीख! शाफ्ट्सबरींना हे सुचलं नसतं, बंगाल्यांनाही नाही. पगार उशिरा झाला की काय होतं हे चाळीत राहणाऱ्यालाच माहीत. वाण्याकडे उधारी वाढते, वाणी भाव लावतो तो गुपचूप घ्यावा लागतो, सावकार व्याज लावतो. त्यात गिरणीकडे तुमचा मागचा पगार अडकलेला असला की नोकरी सोडून दुसरीकडे जाताही येत नाही. तुम्ही गेलात की ते पैसे बुडाले. म्हणजे उशिरा होणारा पगार हा माणसाला बांधून ठेवणारा दोर होता. ज्याचे महिनाअखेरीचे वांधे होतात त्यालाच तो दोर जाणवतो.

दुसरी मागणीही तशीच. अर्धा तास. फक्त अर्धा तास. आज ती वाचताना आधी वाटतं, एवढंच का मागितलं? मग लक्षात येतं की तोपर्यंत जेवण यंत्र चालू असताना, शेजारच्याला आपल्या साच्यावर लक्ष ठेवायला सांगून उरकावं लागत असणार. मागणी किती लहान आहे यावरून परिस्थिती किती वाईट होती ते कळतं.

या यादीतल्या एकाही मागणीत ‘न्याय’, ‘समता’ असले मोठे शब्द नाहीत. वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. हो की नाही असं उत्तर देता येईल अशा मागण्या आहेत. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की बग रिपोर्ट लिहायचा तर ‘ॲप नीट चालत नाही’ असं लिहू नका, कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते लिहा. लोखंड्यांचा अर्ज तसा आहे.

ना यादी, ना निधी, ना नियम

लोखंड्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात. त्यावर अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीवरचा १८९२ चा सरकारी अहवाल या असोसिएशनबद्दल सांगतो की संघटना म्हणून ती अस्तित्वातच नाही. सभासदांची नोंद नाही, पैसे नाहीत, नियम नाहीत. लोखंडे हे त्यांच्याकडे येईल त्या कामगाराला फुकट सल्ला देणारे गृहस्थ आहेत, इतकंच.

सरकारी अधिकाऱ्याला यात कमीपणा दिसला. मला मात्र वाटतं की त्याने नकळत लोखंड्यांच्या कामाचं अचूक वर्णन केलंय. कामगार संघटना याला म्हणता येणार नाही, हे मान्य. वर्गणी नव्हती, संप पुकारायची ताकद नव्हती. कामगार संघटनांना कायद्याने मान्यता द्यायला १९२६ साल उजाडलं. त्याआधी चाळीस वर्षं सभासदांची यादी करून ठेवणं म्हणजे मुकादमाला कुणाकुणाला काढायचं ते आयतं सांगणं झालं असतं. मग जे होतं ते काय होतं? येईल त्याचं ऐकून घेणारा, ते मराठीत छापणारा, त्याचा अर्ज करून योग्य टेबलावर नेऊन ठेवणारा एक माणूस. आज आपण याला जनवकिली म्हणतो. त्यासाठी सनद लागत नाही. समोरचा माणूस पुन्हा पुन्हा तुमच्याकडे येतो, एवढाच पुरावा असतो.

असंच त्यांनी दुसऱ्या एका बाबतीतही केलं. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सुधारक मंडळी लेख लिहीत होती. लोखंड्यांनी १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांची सभा भरवली आणि आम्ही हे काम करणार नाही असं त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं. पद्धत तीच. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशी बोलायचं.

महालक्ष्मीच्या मैदानावर

१८८४ च्या अर्जाचं पुढे काय झालं? लगेच काहीच नाही. कायदा तसाच राहिला. सहा वर्षं गेली. या सहा वर्षांचा विचार आपण फारसा करत नाही. मेसेजमध्ये एक तारीख असते, पण अर्ज देऊन सहा वर्षं उत्तर न येणं म्हणजे काय, हे तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही विचारा.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले होते. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या.

गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यात. १८८१ च्या कायद्यात त्यांचा विचारच नव्हता. त्या काळी पांढरपेशा घरातल्या स्त्रियांनी जाहीर सभेत बोलणं हीदेखील दुर्मीळ गोष्ट. आणि इथे दोन गिरणी कामगार बायका दहा हजार माणसांपुढे उभ्या राहिल्या. लोखंडे स्वतः उत्तम बोलू शकत होते, त्यांच्याकडे वृत्तपत्र होतं. तरी त्या व्यासपीठावर बायकांना जागा होती. कैवाऱ्याने कधी बोलायचं आणि कधी बाजूला व्हायचं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं पटकन आठवत नाही.

रविवारच का, यावर एक गोष्ट सांगितली जाते. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार, तुम्हाला कशाला हवा, असं मालकांकडून आलं तेव्हा लोखंड्यांनी रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे असं उत्तर दिलं म्हणे. कामगारांत जेजुरीला जाणारे पुष्कळ होते, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे.

शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. मेसेजमधली तारीख ती हीच. लक्षात घ्या, ही मालकांनी दिलेली कबुली होती, कायदा अजून व्हायचा होता. त्याच वर्षी सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. त्याच्या मुंबईतल्या कामात लोखंड्यांना सहभागी करून घेतलं गेलं. १८७५ च्या आयोगात मालक होते, १८९० मध्ये कामगारांच्या बाजूचा माणूस टेबलापर्यंत पोचला होता. १८९१ चा कायदा झाला आणि तो १८९२ च्या सुरुवातीपासून लागू झाला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास काम बंद, बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा, मुलांचं किमान वय नऊ आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तास.

लँकेशायरच्या दबावाचाही या कायद्यात वाटा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कायदा होणार हे बाहेरच्या दबावाने ठरत गेलं. पण त्यात दुपारचा अर्धा तास आणि आठवड्याचा एक दिवस सगळ्यांसाठी आला, तो सुपारीबागेतल्या अर्जात आधीच लिहिलेला होता.

पाच मागण्यांचा हिशोब

आता इंजिनिअरची सवय म्हणून मी त्या पाच मागण्यांची पाच तिकिटं केली आणि कुठलं कधी बंद झालं ते बघितलं.

रविवारची सुट्टी. १८९० मध्ये मान्य, १८९१ मध्ये कायदा. सहा-सात वर्षं.

दुपारची विश्रांती. १८९१. सात वर्षं.

कामाचे ठरलेले तास. १८९१ मध्ये बायका आणि मुलांना मर्यादा मिळाली, पुरुषांना नाही. मधल्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि ‘सूर्यास्ताला काम थांबावं’ या मागणीचा आधारच गेला, कारण आता गिरणीत सूर्य मावळेनासा झाला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. सत्तावीस वर्षं.

कामावर दुखापत झाल्यास भरपाई. कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३. एकोणचाळीस वर्षं.

पगाराची तारीख. वेतन अदायगी कायदा, १९३६. त्यात हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा तारखेच्या आत पगार देणं बंधनकारक झालं. बावन्न वर्षं.

लोखंड्यांनी मागितली होती १५ तारीख. बावन्न वर्षांनी मिळाली ७ आणि १० तारीख. म्हणजे मागणी अवाजवी तर नव्हतीच, उलट नंतरच्या कायद्यापेक्षा नरम होती. आणि तीच सगळ्यात शेवटी मान्य झाली. मला याचं कारण असं वाटतं की सुट्टी दिसते, लहान मूल दिसतं, अपघात दिसतो. त्यावर वृत्तपत्रात बातमी होते, संसदेत भाषण होतं. वाण्याची उधारी दिसत नाही. ज्या हालाचं चित्र काढता येत नाही त्याला कैवारी मिळायला उशीर लागतो.

लोखंड्यांनी यातली पहिली दोन तिकिटं बंद होताना पाहिली. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली तेव्हा सलोख्यासाठी ते धावले. सरकारने रावबहादूर केलं. अर्ज-विनंत्यांवर भर देणारा हा रावबहादूर पुढच्या लढाऊ पिढ्यांना फार मवाळ वाटला असेल तर नवल नाही. १९२८ च्या गिरणी संपांपुढे सुपारीबागेची सभा शांतच वाटते. पण १८९६-९७ च्या प्लेगमध्ये, ज्याला जमेल तो मुंबई सोडून पळत असताना, हे गृहस्थ रुग्णांची सोय करत मुंबईत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या. २००५ मध्ये लोखंड्यांवर टपाल तिकीट निघालं. टपाल खात्यात कधीकाळी नोकरी केलेल्या माणसावर.

आजचा रविवार

गेल्या काही वर्षांत आठवड्याला ७० तास, ९० तास काम करावं, रविवारीही करावं, अशी विधानं आली आणि आम्हा आयटीवाल्यांनी त्यावर मीम्सचा पाऊस पाडला. ठीक आहे. आपल्याकडे लॅपटॉप आहे, लिंक्डइन आहे, आपला कैवार आपण घेऊ शकतो.

पण ज्या इमारतीत बसून आपण ते मीम्स पाठवतो तिथे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा रविवार कुठे आहे? घरकामगारांच्या हक्कांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये करार केला. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण कल्याण मंडळ म्हणजे सुट्टी नव्हे. बऱ्याच घरांत रविवारी पाहुणे असतात म्हणून त्या दिवशी मावशींना उलट जास्त काम असतं. म्हणजे यंत्र बंद असताना सफाईला बोलावण्याची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. डिलिव्हरीवाल्यांचंही तेच, आपल्या रविवारी त्यांचा धंद्याचा दिवस. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला, ती सुरुवात म्हणायची.

यावर लगेच ‘सगळ्यांना रविवारची सुट्टी मिळालीच पाहिजे’ अशी पोस्ट लिहायचा मोह होतो. पण सुपारीबागेचा धडा घ्यायचा तर आधी विचारावं लागेल. कदाचित मावशींना रविवार नकोच असेल, मुलांची शाळा असते तो दिवस हवा असेल. कदाचित सुट्टीपेक्षा पगार एक तारखेला हवा असेल, दहाला नको. कदाचित दांडी पडली की पैसे कापतात ते थांबायला हवं असेल. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही त्यांच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि लिफ्टनंतर पाच मिनिटं या विषयाला द्यायला काय हरकत आहे? फक्त त्या पाच मिनिटांत बोलायला मावशींपैकी कुणीतरी तिथे असायला हवं. महालक्ष्मीच्या मैदानावर दोन बायका बोलल्याला १३० पेक्षा जास्त वर्षं झाली, आपल्या क्लबहाऊसमध्ये एक खुर्ची नक्कीच निघेल.

तुमच्या घरात कुणी गिरणीत काम केलेलं असेल, आजोबा, पणजोबा, आजी, तर त्यांच्याकडून ऐकलेलं आम्हाला जरूर लिहून पाठवा. पगाराची खिडकी, वाण्याची वही, भोंगा, काहीही चालेल. पुढच्या एखाद्या भागात आपण ते नाव न घेता, पण त्यांच्याच शब्दांत वाचू.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, रविवारी आराम करा!